तांबड्या दिव्याची भाषा



वसंत व्याख्यानमालेत बोलायचे तर विषय कसा भारदस्त हवा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास ही प्रथा सुरू केली, आणि तेव्हापासून व्यासपीठावर धर्म, राज्यकारण, वाङ्मय, अर्थशास्त्र हेच विषय शोभतात असा आपला समज होऊन बसला आहे. त्यात आम्ही मोटारीच्या ब्रेकसंबंधी, आणि तेही ब्रेकमधल्या तेलासंबंधी बोलणार असे पत्रिकेत वाचून पुष्कळांच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु लोकांना त्यांच्या नित्याच्या व्यवहारातले शहाणपण मिळावे हाही या मालेचा एक हेतू होताच. आज या मंडपाबाहेर जेवढी वाहने उभी आहेत ती पाहता ब्रेक हा आपल्या नित्याच्या व्यवहाराचा भाग नाही असे कोण म्हणेल? घरी परतताना प्रत्येक जण आपला आणि रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाचा तरी जीव त्या एका पायपट्टीवर ठेवणार आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी ही विद्या घरोघर होती. खाचर हाकणाऱ्या धुरकऱ्याला बैलाच्या चालीवरून कळे की खूर दुखतो आहे. चाकाच्या कुरकुरीवरून कळे की वंगण संपले. जनावर बोलत नसे, पण मालक ऐकत असे. आजची मोटार त्या मानाने बोलकी आहे. तिच्या पुढच्या फळीवर दिवे आहेत आणि ते स्पष्ट बोलतात. आम्हीच ऐकेनासे झालो आहोत. त्या दिव्यांपैकी एका तांबड्या दिव्याची भाषा आज समजून घेऊ. वर्तुळात उद्गारचिन्ह, आणि दोन्ही बाजूंना कंस, असे त्याचे चित्र असते.

प्रथम ब्रेक चालतो कसा ते पाहू. पास्कल या फ्रेंच पंडिताने सतराव्या शतकात एक सिद्धांत मांडला. त्यावरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे त्याचे सार. तुम्ही पायाने पट्टी दाबता, तेव्हा इंजिनाजवळच्या मास्टर सिलिंडरमधला लहान दट्ट्या तेलावर दाब देतो. तो दाब बारीक नळ्यांतून चाकांपाशी जातो आणि तिथला मोठा दट्ट्या ब्रेकचे पॅड चकतीवर आवळतो. लहान दट्ट्याचा व्यास २० मिलिमीटर आणि मोठ्याचा ५० धरला, तर क्षेत्रफळाच्या हिशेबाने जोर सुमारे सहापट होतो. अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने १९१७ साली या युक्तीचे पेटंट घेतले आणि १९२१ साली ड्यूसेनबर्ग या मोटारीच्या चारही चाकांना असे ब्रेक बसले. त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाल्या, पण मूळ सूत्र तेच राहिले: तुमचा पाय आणि चाक यांच्यामध्ये तेलाच्या बारीक धारेवाचून दुसरे काही नाही.

हे तेल वाहून नेणाऱ्या नळ्यांना गळती लागली तर काय, ही भीती पूर्वीपासून होती. म्हणून तेलाचे मार्ग दोन केले. अमेरिकेत १९६८ पासून मोटारींना तसा कायदाच आहे. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींत पुढचे डावे व मागचे उजवे चाक एका मार्गावर, आणि उरलेली दोन दुसऱ्या मार्गावर असतात. तेलाच्या डबीतही आत पडदा असतो, म्हणजे एक मार्ग रिकामा झाला तरी दुसऱ्याचे तेल शाबूत राहावे. याच डबीत एक तरंगता खुंट असतो. तेलाची पातळी ठरल्या रेघेखाली गेली की तो खाली येतो, विजेचा संपर्क जुळतो, आणि आपला तांबडा दिवा लागतो.

आता मुख्य प्रश्न. दिवा लागला, तर करायचे काय?

आपल्याकडे याचे एक सोपे उत्तर प्रचारात आहे. रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडे गाडी नेली की तो झाकण उघडतो आणि म्हणतो, "काही नाही होत भाऊ, तेल टाकून देतो, लाइट बंद होऊन जाते." आणि खरोखरच दिवा बंद होतो! भाऊ खूश, मिस्त्री खूश. पण तेल गेले कुठे, हा प्रश्न कुणी विचारला नाही. ताप आलेल्या मुलाला गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, अंग निवले, आणि ताप कशाचा हे पाहिलेच नाही, तशातला हा प्रकार.

वऱ्हाडात या प्रश्नाला आणखी एक ठरलेले उत्तर मिळते: "ऊन किती आहे! उडून गेले असेल." अकोल्याचा वैशाख आम्हांला ठाऊक आहे. पारा ४५ अंशांपुढे जातो, कूलरची टाकी सकाळी भरावी तर दुपारी तळ दिसतो. तेव्हा ब्रेकचे तेलही आटत असेल, हा तर्क स्वाभाविक आहे. परंतु तो चुकीचा आहे. कूलरमधले पाणी उघड्यावर, वाऱ्यात, ओल्या ताट्यांवर पसरलेले असते. ब्रेकचे तेल झाकणबंद असते आणि ते पाण्यासारखे उडतही नाही. डॉट ३ जातीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश, आणि डॉट ४ चा २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. अकोल्याच्या उन्हाला हे तेल दाद देत नाही. उलट उष्णतेने ते किंचित प्रसरण पावून पातळी तिळभर वरच जाईल. म्हणून हे पक्के लक्षात ठेवावे: ब्रेकचे तेल उन्हाने कमी होत नाही. ते कमी झाले असेल, तर त्याला कारण आहे आणि ते कारण गाडीतच आहे.

ते शोधण्यासाठी आपल्या गाडगेबाबांची रीत आठवावी. बाबा कीर्तनात उपदेशापेक्षा प्रश्न अधिक विचारीत. एकामागून एक साधे प्रश्न, आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून निघे. आपणही गाडीला असेच साधे प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न: हँडब्रेक ओढलेला तर नाही ना? बहुतेक गाड्यांत हँडब्रेकसाठी हाच दिवा असतो. दांडा एखादा दातभर वर राहिला तरी तो जळतो. दांडा पूर्ण खाली करून दिवा विझला, तर प्रश्न मिटला.

दुसरा प्रश्न: डबीत तेल किती? गाडी सपाटीवर उभी करावी, बॉनेट उघडावे. डबी बहुधा पांढुरकी, अर्धपारदर्शक असते आणि तिच्यावर वरची व खालची अशा दोन रेघा असतात. झाकण न उघडताही पातळी दिसते. धूळ असेल तर फडक्याने पुसून मगच पाहावे. झाकण उघडताना कचरा आत पडू देऊ नये.

समजा, तेल दोन रेघांच्या मध्ये व्यवस्थित आहे आणि तरीही दिवा जळतो आहे. मग तक्रार तेलाची नसून निरोप्याची आहे. डबीच्या झाकणाला किंवा बुडाला जोडलेली तार अलगद काढावी. दिवा विझला, तर तरंगता खुंट अडकला आहे किंवा त्याचा संपर्क बिघडला आहे. न विझला, तर हँडब्रेकचा स्विच किंवा मधली तार पाहावी. पाहून झाल्यावर तार पुन्हा जोडावी. काढून ठेवून मोकळे होऊ नये. शेजारी एबीएसचा पिवळा दिवाही जळत असेल, तर बिघाड त्या यंत्रणेत असू शकतो आणि ते काम तपासणीयंत्र असलेल्या जाणत्याचे आहे. दिवा फक्त वळणावर किंवा चढउतारावर लुकलुकत असेल, तर पातळी काठावर आली आहे असे समजावे.

तिसरा प्रश्न: पातळी खरोखरच खाली आहे, ती हळूहळू गेली की एकाएकी? निदानाची गुरुकिल्ली येथे आहे. तेल कमी दिसण्याची कारणे मुख्यतः दोनच: पॅडची झीज, नाही तर गळती. पहिले नैसर्गिक आहे आणि दुसरे धोक्याचे.

झिजेचा हिशेब मांडून पाहू. पॅड झिजले की चाकाजवळचा दट्ट्या तेवढा पुढे सरकतो आणि त्याच्या मागची जागा भरायला डबीतले तेल खाली उतरते. दोन्ही पॅड प्रत्येकी ७ मिलिमीटर झिजले, तर एकच दट्ट्या असलेल्या चाकात तो १४ मिलिमीटर पुढे येतो. त्याचा व्यास ५० मिलिमीटर धरला तर सुमारे २७ घनसेंटिमीटर तेल त्या चाकात उतरले. पुढच्या दोन चाकांचे मिळून ५५, म्हणजे चहाचा लहान अर्धा कप. एवढे तेल कुठेही सांडलेले नाही. ते यंत्रातच आहे, फक्त जागा बदलली आहे. आणि हे घडायला हजारो किलोमीटर लागतात.

म्हणून वर्षा-दोन वर्षांत पातळी सावकाश खाली आली असेल, पायपट्टी घट्ट लागत असेल आणि कुठे ओल नसेल, तर चाक खोलून पॅड पाहावे. नव्या पॅडचा थर सुमारे १० मिलिमीटर असतो. तो ३ वर आला की बदलण्याची वेळ झाली. मागे ड्रम असतील तर त्यांचे लायनरही पाहावे. अशा वेळी नुसते तेल भरणे म्हणजे दिव्याने दिलेली बातमी दडपणे होय. दिवा म्हणत होता, "पॅड संपत आले". आपण तेल ओतून त्याला गप्प केले. पुढे तो बोलणार नाही, आणि पॅड झिजून लोखंडावर लोखंड घासेल. शिवाय नवे पॅड बसवताना दट्ट्या मागे रेटावा लागतो; तेव्हा ते वरून भरलेले तेल डबीतून उतू जाते आणि गाडीचा रंग खाते. हे तेल रंगाचा वैरीच आहे. सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

आता दुसरे कारण, गळती. पातळी दोन-चार दिवसांत किंवा आठवड्यात उतरली, तेल भरल्यावर पुन्हा उतरली, तर पॅडकडे पाहत बसू नये. गळती कुठे आहे हे शोधावे. आमच्याकडे उन्हाळ्यात प्रत्येक गाडीखाली थेंब पडतात, त्यामुळे लोक गोंधळतात. म्हणून पांढरा कागद गाडीखाली पसरावा. निव्वळ पाणी असेल तर ते वातानुकूलन यंत्राचे. त्याची चिंता नको. रंगीत पाणी रेडिएटरचे. काळपट, जाड डाग इंजिनाच्या तेलाचा. आणि पातळ, बुळबुळीत, फिकट मधासारखा डाग असेल, विशेषतः चाकाजवळ, तर तो ब्रेकचा समजावा. चाकांच्या आतल्या बाजूने हात फिरवून पाहावा. मागच्या ड्रममधला सिलिंडर गळत असेल तर टायरची आतली भिंत ओली लागते. रबरी नळ्या वाकवून भेगा पाहाव्यात. पुष्कळ गाड्यांत क्लचही याच डबीतले तेल वापरतो. तेव्हा क्लचच्या पट्टीखालची जागाही चाचपावी.

एक गळती मात्र लबाड असते. मास्टर सिलिंडरच्या मागच्या बाजूने तेल त्याला चिकटलेल्या मोठ्या गोल बूस्टरमध्ये झिरपते. जमिनीवर थेंब नाही, चाक कोरडे, आणि पातळी मात्र उतरतेच आहे. अशा वेळी त्या सांध्याखाली रंग उडालेला दिसतो का ते पाहावे. "कुठेच गळत नाही" असे म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनी ही जागा विसरू नये.

चौथा प्रश्न पायाला विचारायचा. इंजिन चालू ठेवून, गाडी उभी असताना, पट्टी दाबून मिनिटभर तशीच धरावी. घट्ट राहिली तर बरे. हळूहळू खाली बसत गेली तर दाब कुठून तरी निसटतो आहे. स्पंजासारखी मऊ लागली तर नळ्यांत हवा शिरली आहे. या दोन्ही लक्षणांपैकी एक जरी दिसले, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, ओढून न्यावी. दोनशे-चारशे रुपयांचा हिशेब येथे करू नये.

याचे कारण वऱ्हाडच्या रस्त्यांतच आहे. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि त्याची नोंद गिनीजच्या पुस्तकात झाली. आम्हांला त्याचा अभिमान आहे. परंतु रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतो. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर धावते. चांगले ब्रेक तिला कोरड्या रस्त्यावर सुमारे ३६ मीटरांत थांबवतील. ब्रेक लावायला लागलेल्या एका सेकंदाचे २२ मीटर वेगळे. दोनपैकी एक तेलमार्ग निकामी झाला आणि ब्रेकची ताकद निम्मी उरली, तर ३६ चे ७२ होतात. मूर्तिजापूरजवळ रस्ता ओलांडणाऱ्या शेतकऱ्याच्या बैलजोडीला या हिशेबाची कल्पना नसते.

आणि चिखलदरा! कीचकाला भीमाने जिथे दरीत लोटले असे आपण सांगतो, त्या जागी उन्हाळ्यात आपण सहकुटुंब जातो. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर, आणि पायथ्याचे परतवाडा पावणेचारशेच्या आसपास. म्हणजे उतार सातशे मीटरांहून अधिक. माणसांसह १,३०० किलो वजनाची गाडी एवढी खाली आणताना जी ऊर्जा जिरवावी लागते, तिने ३० लिटर पाणी उकळीला येईल. इंजिन खालच्या गिअरमध्ये असेल तर त्यातला मोठा भाग इंजिन सोसते. पण पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडण्याची काहींना खोड आहे. मग ती सारी उष्णता ब्रेकवर येते, आणि पॅडमधून तेलापर्यंत पोचते.

येथे तेलाचा दुसरा दोष पुढे येतो. हे तेल हवेतला ओलावा शोषते. आमचा उन्हाळा त्याला अपाय करीत नाही. पण पावसाळे करतात. ३.७ टक्के पाणी मुरले की डॉट ३ चा उत्कलनबिंदू २०५ वरून १४० पर्यंत, आणि डॉट ४ चा २३० वरून १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात तापलेल्या ब्रेकमध्ये असे जुने तेल उकळते, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, गाडी थांबत नाही. लक्षात घ्या, अशा वेळी डबी भरलेली असते आणि तांबडा दिवा लागत नाही! म्हणून पातळी ठीक असली तरी दर दोन वर्षांनी, अथवा गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या मुदतीत, तेल बदलावे. झाकणावर जी जात लिहिली असेल तीच घ्यावी, सीलबंद बाटलीतून. घरात वर्षभर फुटकी पडलेली बाटली वापरू नये. इंजिनाचे तेल तर थेंबभरही चालत नाही. त्याने आतली रबरे फुगतात आणि सारी यंत्रणा बदलावी लागते. हे तेल विषारी आहे. मुलांच्या हाती पडेल असे ठेवू नये.

चालत्या गाडीत दिवा लागला तर? घाबरून एकदम काही करू नये. वेग कमी करावा, हँडब्रेक पाहावा, पट्टी हलके दाबून अजमावावी. घट्ट असेल तर सुरक्षित जागी कडेला थांबून तेल पाहावे. पट्टी खाली जात असेल तर ती भराभर वरखाली करावी, एकेक गिअर खाली आणावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा. इंजिन मात्र थांबेपर्यंत बंद करू नये. ब्रेकला आणि स्टीअरिंगला त्याचीच मदत असते. आणि परतवाड्याला दिवा लागलेला असताना घाट चढू नये. चढताना काही होणार नाही. प्रश्न उतरण्याचा आहे.

आमचे म्हणणे मिस्त्रीविरुद्ध आहे असे कृपा करून समजू नका. आमच्या गावांतले मिस्त्री हुशार आहेत. कानाने इंजिन ओळखणारी माणसे आहेत. परंतु गिऱ्हाईक जे मागते तेच दुकानात मिळते. आपण "दिवा बंद करून द्या" म्हटले तर तो दिवा बंद करून देईल. आपण "तेल कुठे गेले ते सांगा" म्हटले तर तो चाक खोलून दाखवील. पुढच्या खेपेला बिलावर "तेल भरले" एवढेच लिहिलेले दिसले, तर "पॅड किती उरले?" आणि "गळती पाहिली का?" हे दोन प्रश्न नम्रपणे, पण अवश्य विचारावेत. भगिनींनी हे प्रश्न विचारायला मुळीच संकोचू नये. गाडी त्याही चालवतात आणि मुले त्याच गाडीतून शाळेत जातात.

सूचना मिळाली की तिचे कारण शोधायचे, का तिचे तोंड बंद करायचे, हा प्रश्न मोटारीपुरता नाही. विहिरीचे पाणी उतरते, घराच्या भिंतीला ओल धरते, वडिलांना जिना चढताना धाप लागते. प्रत्येक ठिकाणी आपल्यापुढे हे दोन मार्ग असतात. दिवा विझवणे स्वस्त आणि झटपट असते. कारण शोधायला चाक खोलावे लागते. आजच्या व्याख्यानातून एवढी एक सवय आपण घरी नेली, की दिवा लागताच आधी "का?" असे विचारायचे, तरी आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.

जाताना बॉनेट उघडून दोन रेघांकडे एकदा पाहावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.